पळून जावे लागू नये म्हणून

गेल्या हिवाळ्यात जबलपुरातल्या एका शाळेने मला स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून बोलावले. शाळेचे नाव सांगत नाही. अशी शाळा तुमच्याही गावात असेल. चहापाणी मुख्याध्यापकांच्या खोलीत झाले. तिथे काचेचे कपाट होते आणि त्यात दाटीवाटीने ढाली, चषक, सन्मानचिन्हे. समूहगान प्रथम, लोकनृत्य द्वितीय, देशभक्तिपर गीत उत्तेजनार्थ. मुख्याध्यापकांनी एकेक ढाल रुमालाने पुसून माझ्या हातात दिली. शेजारी एक लोखंडी कपाट, त्याला कुलूप. कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेला तानपुरा. चादर जरा सरकवून पाहिली, तर दोन तारा तुटून लोंबत होत्या आणि खुंट्यांवर लावलेला खडू तसाच वाळून बसला होता.

"कपाटात काय आहे?" मी विचारले.

"पेटी आहे, तबला-डग्गा आहे. पण किल्ली संगीताच्या सरांकडे असायची."

"मग सर?"

"सर तीन वर्षांपूर्वी बदलून गेले."

"आणि या ढाली?"

"स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस बाहेरून एका मुलाला बोलावतो. तो बसवून देतो."

संध्याकाळी मुले नाचली, छानच नाचली. गाणे मोबाइलमधून स्पीकरवर वाजत होते. मीही टाळ्या वाजवल्या आणि शाळेच्या सांस्कृतिक यशाबद्दल चार वाक्ये बोलून घरी आलो. रात्री मात्र ते कुलूप काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. तीन वर्षे पेटी उघडली नाही आणि तीन वर्षे ढाली येतच राहिल्या. मग ढाल नेमकी कशाबद्दल मिळते?

आमच्या जबलपुरी मराठीत हिंदीतून आलेले शब्द पुष्कळ. त्यातला 'मान्यता' हा मला गमतीचा वाटतो. शाळेला मान्यता मिळाली म्हणजे मंडळाने किंवा विद्यापीठाने कागद दिला. कलावंताला मान्यता मिळाली म्हणजे लोकांनी त्याला मानले. शब्द एकच असल्यामुळे संस्था चालवणाऱ्यांचीही कधीकधी गफलत होते. मध्य प्रदेशातली शासकीय संगीत महाविद्यालये वर्षानुवर्षे खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाला जोडलेली होती. हे विद्यापीठ 1956 सालचे. खैरागडच्या राजाराणीने आपला महाल त्यासाठी दिला आणि भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी तिथे कुलगुरूपद सांभाळले. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळे झाले आणि खैरागड शेजारच्या राज्यात गेले. 2008 मध्ये ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने नवे विद्यापीठ उभे राहिले. प्रमाणपत्रावरचा शिक्का बदलला. यमनातला तीव्र मध्यम होता तिथेच राहिला.

कागदावरची मान्यता नको असे मी म्हणत नाही. ती हवीच, का, ते पुढे येईल. पण कलेच्या सरकारी शाळेने खरोखर काय कमावले हे पाहायचे, तर मी ना ढाली मोजीन, ना भिंतीवरच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरी. माझी कसोटी साधी आहे. त्या गावात एखाद्या मुलाला गाण्यासाठी, नाटकासाठी घर सोडून पळून जावे लागते का?

हे मी उगाच म्हणत नाही. आपल्याकडच्या कलावंतांची चरित्रे पळून गेलेल्या मुलांनी भरलेली आहेत. भीमसेन जोशी 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात गदगचे घर सोडून निघाले. भटकत ग्वाल्हेरला पोचले आणि हाफिज अली खाँसाहेबांच्या मदतीने तिथल्या माधव संगीत विद्यालयात दाखल झाले. मैहरचे अल्लाउद्दीन खाँ पोरवयातच बंगालमधल्या घरातून निसटून 'जात्रा' लोकनाट्याच्या ताफ्यात सामील झाले होते. आणि आमच्या जबलपूरचा रघुवीर यादव! रांझीचा हा मुलगा. शाळेतल्या परीक्षेच्या धास्तीने पळाला आणि अन्नू कपूर यांच्या वडिलांच्या पारशी पद्धतीच्या नाटक मंडळीत शिरला. रोजचे अडीच रुपये. सहाएक वर्षे तिथे गाणे, नाचणे, पडेल ते काम करणे, आणि मग कुठे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. 'मॅसी साहब'साठी त्याला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात रौप्य मयूर मिळाला तेव्हा जबलपूरला कोण अभिमान वाटला. रास्तच होते. पण आपण अभिमान वाटून घेतला तो अशा मुलाचा, ज्याला या गावातून पळावे लागले होते. त्याच्या यशात आपल्या शाळांचा वाटा एवढाच, की त्यांनी त्याला घाबरवले.

अशा कथा आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. ध्यास असेल तर माणूस वाट काढतोच, असे तात्पर्यही काढतो. ते तात्पर्य मला पटत नाही. पळून गेलेल्यांपैकी जे पोचले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. ज्यांना इटारसीच्या फलाटावरून पोलिसांनी घरी आणून सोडले आणि बापाने दुकानावर बसवले, त्यांचे कुठे काही लिहिलेले नसते. मुलींचे तर विचारूच नका. अकरा वर्षांच्या मुलीने गुरूच्या शोधात विनातिकीट गाडीत बसायचे, ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही, आणि होऊही नये. म्हणजे ज्या वाटेचे आपण गोडवे गातो, ती अर्ध्या लोकसंख्येला पहिल्यापासून बंद होती.

मुलींसाठी ही वाट कशाने उघडली? घंटा, हजेरीपट, फीची पावती, परीक्षा आणि प्रमाणपत्र, या पाच अगदी रुक्ष गोष्टींनी. बाईजींच्या घरी किंवा खाँसाहेबांच्या बैठकीत मुलीला न धाडणारा कारकून बाप तिला विद्यालयात धाडू लागला, कारण तिथे वेळापत्रक होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते राजाच्या खजिन्यावर चालले नाही; लोकांच्या वर्गण्या आणि तिकीट लावलेले जलसे यांवर चालले. गाणे शिकणे ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट झाली, त्यात या शिस्तीचा हात मोठा. कागदावरची मान्यता हवी म्हणालो ती यासाठी. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना जाणकार नाके मुरडतात. मीही मुरडली आहेत. पण माझ्या आत्याला वयाच्या चौदाव्या वर्षी घराबाहेर पडून गाणे शिकता आले ते 'परीक्षेला बसायचंय' या दोन शब्दांच्या जोरावर. आजोबांना यमन कळत नव्हता, परीक्षा कळत होती.

कलेची सार्वजनिक शाळा ही परक्यांकडून घेतलेली कल्पना आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्याने बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव गायकवाडांनी 1886 साली मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली. मौलाबक्ष स्वतः मोठे गवई आणि बीनकार. तरी वर्गात शिकवायचे तर लिहून देता आले पाहिजे, म्हणून त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली. तीच गायनशाळा वाढत वाढत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगकला शाखा झाली आहे. ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांनी 10 जानेवारी 1918 ला विद्यालय काढले. तिथली तयारी पाहण्यासारखी आहे. इमारत बांधून मग मास्तर शोधले, असे झाले नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी आधी ग्वाल्हेरचे काही गायक निवडले, त्यांना मुंबईला नेऊन स्वरलेखन आणि शिकवण्याची रीत शिकवली, आणि मगच शाळेची घंटा वाजली. त्या निवडलेल्यांत राजाभय्या पूछवाले होते. पुढे विद्यालयाची धुरा त्यांनीच वाहिली. 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग हाती नसते, तर ज्या चिजा खानदानी गवई मुलाजावयापलीकडे कुणाला देत नसत, त्या आज धारच्या किंवा खंडव्याच्या पोरांच्या वहीत दिसल्या नसत्या.

आता नेहमीचा आक्षेप. भातखंड्यांच्या आणि पलुस्करांच्या शाळांना शंभर वर्षे झाली, त्यांतून भीमसेन किती निघाले? भीमसेनसुद्धा ग्वाल्हेर सोडून पुढे गेलेच की, आणि घडले ते सवाई गंधर्वांपाशी. हे खरे आहे. चाळीस मुलांच्या वर्गात, पाऊण तासाच्या तासिकेत गवई घडत नाही. रोज पहाटे षड्ज लावून घेणारा, चुकले की डोळे वटारणारा एक माणूस लागतो. पण हा आक्षेप घेणारे एक विसरतात. भीमसेन ग्वाल्हेरला का गेले? तिथे दार होते म्हणून. दक्षिणेतल्या एका अनोळखी पोराला, ज्याची ना ओळख ना घराणे, आत जाऊन बसता येईल अशी ती एक जागा होती. तिथून त्याला पुढची वाट दिसली. शाळेचे काम गवई तयार करण्याचे असते हे गृहीतकच तपासायला हवे. गणिताचा तास असतो म्हणून रामानुजन निघावा, अशी अट आपण कुठे घालतो?

आणि शाळेतून गवई नाही निघाला तर श्रोता निघतो. तानसेन आणि कानसेन ही जोडी संगीतवाल्यांत जुनी आहे. मध्यमेपर्यंत शिकून पुढे बँकेत लागलेला माणूस मैफलीत चुकीच्या जागी टाळी देत नाही. हजाराच्या सभागृहात असे शंभर असले, तर गाणाऱ्याला सवंगपणा करायची हिंमत होत नाही. ही कमाई कोणत्याही अहवालात येत नाही, कारण तिची ढाल नसते.

नामवंत माजी विद्यार्थ्यांवरून शाळा जोखली की काय होते, याचे जगातले ठळक उदाहरण न्यू यॉर्कचे. 1936 साली तिथले महापौर फियोरेल्लो ला गार्डिया यांनी संगीत आणि चित्रकलेसाठी सरकारी माध्यमिक शाळा काढली. 1948 साली नृत्य-नाट्यासाठी दुसरी निघाली. 1984 पासून दोन्ही एका इमारतीत आहेत आणि शाळेला त्या महापौरांचे नाव आहे. फी नाही. प्रवेश कला दाखवून मिळतो. गणित-इतिहासाच्या तासांबरोबर रोजचे काही तास आपापल्या कलेचे. या शाळेवरून 1980 मध्ये 'फेम' नावाचा सिनेमा निघाला आणि तिचे नाव जगभर झाले. तिच्या नामवंतांच्या यादीत अल पचिनो दिमाखाने असतो. पण त्याने शाळा मधूनच सोडली होती! शाळा सोडून गेलेल्याची तसबीर शाळेने मिरवायची, हा प्रकार फक्त आपल्याकडेच नाही तर. मला त्या शाळेची खरी मान्यता दिसते ती दुसऱ्याच प्रसंगात. 2019 साली तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर ठिय्या दिला. तक्रार अशी, की प्रवेश देताना शाळा आता कलेपेक्षा गुणपत्रिका आणि हजेरीच जास्त पाहू लागली आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुले, येऊ घातलेल्या मुलांच्या हक्कासाठी भांडत होती. असे भांडण जबलपुरात एकदा तरी व्हावे, अशी माझी फार इच्छा आहे.

होणार कसे? तशी शाळाच नाही. जबलपुरात शेतीचे विद्यापीठ आहे, पशुवैद्यकाचे आहे, वैद्यकाचे आहे, कायद्याचे आहे आणि राणी दुर्गावतींच्या नावाचे सर्वसाधारण विद्यापीठ तर आहेच. संगीत शिकवणारे भातखंडे संगीत महाविद्यालय आहे, घरोघरचे क्लास आहेत. पण सकाळी शाळेत जायचे, भूगोल शिकायचा आणि त्याच शाळेत, त्याच दिवशी दोन तास तबल्यावर बसायचे, तेही सरकारी फीत, अशी माध्यमिक शाळा नाही.

नेमके माध्यमिकच का? कारण हात, पाय आणि गळा बारा ते सतराच्या वयात वळतात. मुलाचा आवाज फुटतो तो याच वयात. तेव्हा कोणत्या पट्टीत गाऊन घ्यायचे, किती दिवस गप्प बसवायचे, हे जाणणारा माणूस जवळ लागतो. आपण काय करतो? दहावी-बारावीला क्लास बंद करतो, 'आता दोन वर्षे फक्त अभ्यास' म्हणतो आणि अठराव्या वर्षी संगीत महाविद्यालयाचे दार उघडतो. महाराष्ट्रात निदान शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेसाठी दहावीला वाढीव गुण देतात. त्याने क्लास चालू राहतात हे खरे, पण गुण मिळाले की तबला माळ्यावर जातो, हेही मी पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांकडे पाहिले आहे. गुण हे आमिष झाले, शिक्षण झाले नाही.

सरकार लहान वयातले गुण हेरून त्यावर पैसे खर्च करत नाही, अशातलाही भाग नाही. मध्य प्रदेशात जिल्ह्याजिल्ह्यांत उत्कृष्ट विद्यालये आहेत. आमच्याकडे पंडित लज्जाशंकर झा मॉडेल शाळा आहे. तिथे परीक्षा घेऊन मुले निवडतात आणि तिच्या निकालाकडे सारे शहर डोळे लावून असते. कुणी म्हणत नाही की हा भेदभाव आहे. त्याहून बोलके उदाहरण खेळाचे. जबलपुरात राज्याची तिरंदाजी अकादमी आहे. या शहराची मुस्कान किरार तिथे शिकली आणि 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत कंपाउंड सांघिक प्रकारात रौप्यपदक घेऊन आली. शाळकरी मुलीच्या हातात धनुष्य द्यायचे, प्रशिक्षक द्यायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हे आपल्याला जमते. मग धनुष्याच्या जागी सतार असली की हात आखडतो कशाला? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर अशा भिंती नकोत असे लिहून ठेवले आहे. 2015 पासून केंद्र सरकार शाळकरी मुलांचा 'कला उत्सव' भरवते. जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्या. उत्सव जरूर असावा. पण उत्सव हा पिकाचा असतो. पेरणी कुठे आहे?

"इथे कलेला माती नाही" असे म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी दाखवीन. पहिली मैहर. जबलपूरहून कटनीमार्गे रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अनाथ झालेली पोरे अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी गोळा केली, त्यांना वाद्ये शिकवली आणि मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचे वाद्य केले. रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी हे त्याच गुरूचे शिष्य आणि त्यांच्या नावाने मैहर जगाला माहीत झाले. पण सार्वजनिक शाळेचा नमुना म्हणून मला तो बँड मोठा वाटतो. पळून जायला ज्यांना घरच उरले नव्हते अशा मुलांना तिथे दार मिळाले, आणि शंभर वर्षांनंतरही तो वाजतो आहे. स्वतः पोरवयात घरातून पळालेल्या माणसाने हे करावे, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

दुसरी गोष्ट शहरातलीच, 'विवेचना'. 1961 साली व्याख्याने आणि चर्चांसाठी सुरू झालेली ही संस्था 1975 च्या सुमारास नाटकाकडे वळली आणि हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाईंच्या या शहराला तिने रंगभूमीची सवय लावली. दिवसा नोकऱ्या करणारे लोक संध्याकाळी तालमीला जमत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हौशी नाटकवाल्याला आधी पगार लागतो आणि संध्याकाळ मोकळी लागते. रांझीतल्या तेरा वर्षांच्या मुलीकडे दोन्ही नसते.

शेवटी त्या कुलपाकडे येतो. माझ्या मते खात्याने अशा शाळांचा अहवाल मागवताना ढालींचा रकाना काढून टाकावा आणि तीन साधे प्रश्न विचारावेत. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? संगीताच्या पदावर कायमचा माणूस आहे की दरवर्षी बदलणारा अतिथी शिक्षक? आणि गेल्या वर्षी वर्गात आलेल्यांपैकी ज्यांच्या घरात कुणीच गात-वाजवत नव्हते, अशी मुले किती? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जिथे मोठे, ती शाळा यशस्वी. मग तिच्या भिंती कोऱ्या असल्या तरी हरकत नाही.

सरकार शाळा काढील तेव्हा काढील. जबलपूर, इंदूर, रायपूर, बिलासपूर, जिथे जिथे आपली मराठी मंडळे आहेत, तिथे बहुधा एक सभागृह असते. गणेशोत्सवाचे दहा दिवस, कोजागरी, एखादे हळदीकुंकू आणि लग्नाचे मुहूर्त सोडले तर ते बंद असते. आत एक पेटी असते, एखाद्या आजोबांच्या स्मरणार्थ दिलेला मिरजेचा तानपुरा असतो. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ते उघडा आणि शेजारच्या सरकारी शाळेतल्या मुलांना आत घ्या, मराठी असोत की नसोत. शिकवणाऱ्याला मानधन द्या. फुकट शिकवणारा फार दिवस येत नाही. आमच्या मंडळाकडे मी तसा अर्ज दिला आहे. तानपुऱ्याच्या तारांचा खर्च मी करतो. सभागृहाची किल्ली मात्र चिटणीसांनी रोज आणून द्यायची आहे.